मोगरा: आधी ताण, मग छाटणी, खत शेवटी

एप्रिल उजाडला की ओळखीच्या चार घरांतून तीच तक्रार येते. "झाड हिरवंगार आहे, पानांना तोटा नाही, पण कळी म्हणून नाही." मग कुंडीत काय काय घातलं त्याची यादी ऐकायला मिळते: चहाचा चोथा, ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, कुणी सांगितलं म्हणून चमचाभर डीएपी खत. मी एकच विचारते, डिसेंबरात काय केलं होतंत? उत्तर ठरलेलं असतं. काही नाही, रोजच्यासारखं पाणी घालत होतो.

घोळ तिथेच असतो. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. जुन्या फांदीने कितीही पानं धरली तरी ती फुलं देत नाही. म्हणजे थंडी सरता सरता झाडाला एकाच वेळी भरपूर नवे फुटवे आणायला लावायचे, एवढंच आपलं काम. त्यासाठी झाड आधी पाणी तोडून थांबवायचं (यालाच ताण म्हणतात), मग कापायचं, मग खाऊ घालायचं. बहुतेकजण हे तिन्ही करतात, पण उलट्या क्रमाने.

पुढचं सगळं कुंडीतल्या किंवा अंगणातल्या चार-दोन झाडांसाठी आहे. शेतीची मापं जिथे उपयोगी पडतील तिथेच सांगितली आहेत.

## सुरुवातीआधी: दोन गोष्टी तपासा

झाड मोगऱ्याचंच आहे ना? हसू नका. दुहेरी पाकळ्यांची तगर मोगरा म्हणून विकली जाते आणि विकणाऱ्यालाही नेहमीच माहीत असतं असं नाही. एक पान देठापाशी तोडा. पांढरा चीक आला तर ती तगर. मोगऱ्याला चीक येत नाही. फुलं चहात किंवा पिण्याच्या पाण्यात टाकणार असाल तर ही तपासणी टाळूच नका, तगर पोटात जाण्याजोगी नाही.

जातींच्या नावांवर फार विसंबू नका, एकाच झाडाला दोन रोपवाटिकांत दोन नावं असतात. कळी पाहून घ्या. गोल, ठेंगणी, गच्च पाकळ्यांची असेल तर लोक तिला बटमोगरा म्हणतात, लांबट टोकदार कळीचा तो मदनबाण. लांब लवचिक फांद्या टाकत आधार शोधणारा तो वेली मोगरा. बटमोगरा कुंडीत आटोपशीर राहतो, पण फुलं मोजकी देतो. गजऱ्याला भरपूर फुलं हवी असतील तर एकेरी किंवा कमी पाकळ्यांचा घ्या.

ऊन किती मिळतं? रोज सहा तास थेट ऊन हवं. चार तासांत झाड जगतं आणि तुरळक फुलतं. त्याखाली छाटणी, खत काहीही करा, पानंच मिळतील.

इथे एक फसगत आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत डिसेंबरात ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं, म्हणून माणूस खूश होऊन तिथेच कुंडी मांडतो. पण मुंबई-ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एप्रिलपासूनच तो इतका उंच चढतो की वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली सगळी गॅलरी झाकून टाकते. ऐन बहरात झाड सावलीत जातं. अशी गॅलरी असेल तर मार्चनंतर कुंडी कठड्याबाहेरच्या जाळीत किंवा गच्चीवर न्या. पूर्व आणि पश्चिम बाजूच्या गॅलऱ्यांना ही अडचण कमी येते.

## टप्पा १: कुंडी आणि माती

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ कुंडी बदलली नसेल तर ती छाटणीच्या वेळी बदला, नाहीतर पावसाळा सुरू झाल्यावर. या दोनच वेळा. भर उन्हाळ्यात मुळांना हात लावायचा नाही. हे मी स्वतःच्या हाताने शिकले आहे. मेमध्ये आणलेलं कळ्यांनी भरलेलं रोप त्याच संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवलं, वर "माती सगळी बदलू या" म्हणून मुळं धुऊनही काढली. तिसऱ्या दिवशी कळ्या माना टाकून बसल्या आणि आठवड्यात झाडाचं सरपण झालं.

मोठ्या झाडाला १२ ते १४ इंची कुंडी पुरते. त्याहून मोठीची घाई नको. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की माती सतत ओली राहते आणि मुळं कुजतात.

माती अशी धरा: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड रेती, आणि वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती वापरू नका. ती पाणी धरून बसते, शिवाय तिच्यात चुन्याचं प्रमाण जास्त असलं तर झाडाला लोह घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चवीपुरतंच. निम्म्याहून जास्त कोकोपीट घातलेल्या कुंडीत वरून माती कोरडी दिसते, खाली चिखल असतो, आणि पुढच्या टप्प्यातला ताण नीट बसतच नाही.

नवं रोप आणलं असेल तर पिशवी कापून मातीचा गोळा बघा. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येणारी बरीचशी रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. गोळा पाण्याच्या बादलीत वीस मिनिटं ठेवा. बाहेरचा थर बोटांनी हलकेच सोडवा, बाजूंना दोन-तीन उभ्या चिरा द्या आणि लावून टाका. सगळी माती काढायच्या मागे लागू नका.

तपासा: रिकाम्या कुंडीच्या भोकावर खापरी ठेवून माती भरा आणि तांब्याभर पाणी ओता. एका मिनिटात खालून पाणी यायला लागलं पाहिजे. नाही आलं तर रेती वाढवा. झाड त्यानंतर.

## टप्पा २: ताण

डाळिंब किंवा संत्र्याचा बहर धरणाऱ्याला ताण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. घरच्या मोगऱ्याला मात्र आपण लाडाने बारा महिने पाणी पाजतो. झाड थांबतच नाही. थंडीभर थोडं थोडं वाढत राहतं आणि उन्हाळा येतो तेव्हा त्याच्याकडे एकदम फुटायला काही शिल्लक नसतं.

छाटणीची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे मोजा.

कोकण, मुंबई, गोवा इथे थंडी नावापुरती असते, तिथे छाटणी डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. पुणे-नाशिक-साताऱ्याकडे संक्रांतीच्या पुढेमागे. विदर्भ-खानदेशात रात्री बोचऱ्या असतात, नवा फुटवा थंडीने करपतो, म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा बरा. तमिळनाडूत शेतकरी नोव्हेंबरअखेरीस छाटतात आणि तिकडचे व्हिडिओ बघून इकडे नागपुरात कुणी कात्री चालवतो. तसं करू नका.

जमिनीतल्या झाडाला छाटणीआधी १५ ते २० दिवस पाणी बंद. कुंडीत माती थोडी असते, तिथे इतका कडक ताण झाडाला मारतो. कुंडीसाठी दहा-बारा दिवस पुरे, आणि तेही पूर्ण कोरडं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. तिथपर्यंत कोरडं लागलं तर पेलाभर पाणी द्यायचं, एरवी नाही. मातीच्या कुंडीत हा पेला दर तीन दिवसांनी लागेल, प्लास्टिकच्या कुंडीत कदाचित एकदाच. या काळात खत अजिबात नको, द्रवखतही नको.

काय दिसलं पाहिजे? शेंड्याची वाढ थांबते, पानांची चकाकी जाते, खालची पानं पिवळी होऊन गळू लागतात. हे बघून घरातल्या कुणाचा तरी जीव कळवळतो आणि तो गुपचूप बादलीभर पाणी घालतो. माझ्या घरी हे काम सासूबाई करायच्या. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सावध: एक वर्षाहून लहान रोप, नुकतंच आजारातून उठलेलं किंवा नुकती कुंडी बदललेलं झाड यांना ताण द्यायचा नाही. त्यांची फक्त शेंडे खुडून हलकी छाटणी करा.

तपासा: फांदी नखाने किंचित खरवडा. आत हिरवं असलं तर सगळं ठीक. तपकिरी आणि कोरडं लागलं तर खाली खाली खरवडत जा, हिरवं लागेपर्यंत. ताण जास्त झाला असेल तर लगेच पाणी द्या आणि छाटणी हिरव्या भागावर करा.

## टप्पा ३: छाटणी

कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी कापली न जाता चेपते आणि चेपलेली जागा खाली सुकत जाते. प्रत्येक झाडानंतर पाती स्पिरिटने पुसा.

कापायचा क्रम असा. आधी मेलेल्या, वाळलेल्या फांद्या बुडापासून. मग आत वाकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या. मग काडीसारख्या बारीक फांद्या, ज्या फक्त पानं देतात. एवढं झालं की दोन पावलं मागे जाऊन झाडाकडे बघा. उरलेल्या चांगल्या फांद्या एकतृतीयांश ते निम्म्या कमी करायच्या. मोठ्या वाढलेल्या झाडाची उंची जमिनीपासून साधारण दीड फूट ठेवा.

कट कुठे द्यायचा, हे जवळून बघण्यासारखं आहे. मोगऱ्याची पानं बहुधा समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या काखेत तांदळाच्या कणीएवढा डोळा असतो. जोडीच्या वर पाव इंचावर कापलं की दोन्ही डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. दहा फांद्या नीट कापल्या की वीस शेंडे, आणि प्रत्येक शेंड्याला कळ्या, त्याही बहुधा तिनाच्या झुपक्यात. कट दोन पेरांच्या मधोमध दिला तर वरचा खुंट वाळतो, आणि कधी कधी ते वाळणं डोळ्यांपर्यंत उतरतं.

त्यानंतर उरलेली सगळी पानं हाताने काढून टाका. लोक इथे कचरतात. झाड उघडंबोडकं दिसतं खरं, पण जुनी पानं ठेवली तर झाड त्यांच्याच जोरावर सुस्त राहतं आणि डोळे उशिरा, मागेपुढे फुटतात. शिवाय लाल कोळी ही कीड आणि करप्याचे डाग त्या पानांवरूनच पुढच्या हंगामात येतात. पान देठाच्या उलट दिशेने ओढू नका, साल निघते. वरच्या बाजूला हलकेच दुमडलं की सुटून येतं.

पेन्सिलीपेक्षा जाड कटांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. ती नसली तर हळदीचा लेप चालेल.

इथे होणाऱ्या चुका:

- कुंपण कापल्यासारखे नुसते वरचे शेंडे भादरणे. बारीक काड्या तशाच राहतात आणि फुटवा कमजोर येतो.
- घाबरून दोन इंच कापणे. त्यापेक्षा न कापलेलं बरं.
- गणपतीनंतर लगेच जोरदार छाटणी. थंडीच्या तोंडावर फुटवा निघतो, तो थंडीत अडकतो आणि उन्हाळ्यासाठी झाडात दम उरत नाही.

## टप्पा ४: माती उकरून उघडी ठेवणे

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात. छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने उकरून बाजूला काढा. बारीक केसाळ मुळं तुटली तर तुटू देत, जाड मुळांना इजा नको. कुंडी तीन-चार दिवस तशीच उन्हात ठेवा. जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याभोवतीचं आळं आठवडाभर उघडं राहिलं तरी चालतं. पाणी नाही, खत नाही.

कळी नासवणाऱ्या माशीचे कोष याच वरच्या थरात दडलेले असतात. ऊन आणि साळुंक्या मिळून त्यांचा निकाल लावतात. काढलेली माती परत वापरायची असेल तर कागदावर पसरून कडक उन्हात चार दिवस वाळवा.

कुंडी बदलायची असेल तर ती इथेच. झाड गोळ्यासकट बाहेर काढा, कडेची आणि तळाची वेटोळे घातलेली मुळं धारदार सुरीने कापा, एकतृतीयांशापेक्षा जास्त नाही, आणि नव्या मातीत बसवा. मग मात्र माती उघडी ठेवू नका, लगेच भरा आणि हलकं पाणी द्या.

## टप्पा ५: खत आणि पहिलं पाणी

आता खत. १४ इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे हाडांचं खत, हे उकरलेल्या मातीत मिसळून कुंडी परत भरा. खोडाला खत टेकवू नका. मग खालून वाहेपर्यंत एकदा भरपूर पाणी.

पुढे वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी. बोडक्या झाडाला पानं नाहीत, ते पाणी उडवणार कशातून? छाटणीनंतर दहाबारा दिवस रोज पाणी घालून झाड कुजवणारे लोक मी पाहिले आहेत.

दोन आठवड्यांच्या आत डोळे फुगून पोपटी टोकं दिसू लागतात. फुटवे तीन-चार बोटं लांब झाले की लिटरला दोन ग्रॅम ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा द्या. माती आधी ओली करा, मग हे पाणी घाला, कोरड्या मातीत क्षारांनी मुळं भाजतात. रासायनिक नको असेल तर दर पंधरवड्याला शेणखत-निंबोळी पेंडीचं पातळ पाणी. फुलं थोडी कमी येतील, झाड खुशीत राहील.

नत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण हिरवंगार पण वांझ झाड बहुधा इथेच तयार होतं. शेतातल्या पूर्ण वाढलेल्या मोगऱ्याला वर्षाला साधारण १० किलो शेणखत आणि ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद, १२० ग्रॅम पालाश अशी मात्रा दोन हप्त्यांत देतात. हे आकडे कुंडीत ओतायचे नाहीत, पण प्रमाण बघा: नत्राच्या दुप्पट स्फुरद आणि दुप्पट पालाश. आपण घरी काय करतो? चहाचा चोथा, युरियाची चिमूट, ताजं शेण, यातून मिळतं ते बहुतेक नत्रच. झाड पानं काढत सुटतं. डीएपीत स्फुरद असलं तरी नत्रही बरंच असतं, आणि कुंडीत चमचाभर म्हणजे फार झालं. केळीच्या साली पुरून ठेवल्या तर कुजायला महिने लागतात आणि तोवर चिलटं पोसली जातात. कांद्याच्या पाण्यावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्याने नुकसान होताना पाहिलेलं नाही.

तपासा: नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या? लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेने पानांवर फवारा. मातीवर पांढरा थर साचला असेल तर बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. थर खरवडून काढा आणि कुंडीतून दोन-तीन बादल्या गोडं पाणी वाहू द्या.

## टप्पा ६: कळी धरल्यावर

छाटणीपासून साधारण दीड ते दोन महिन्यांनी शेंड्यांवर पहिल्या कळ्या दिसतात, हिरव्या, मोहरीएवढ्या. या दिवसापासून नियम उलटा होतो: माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही. ताण देऊन फुलं आणली म्हणून कळीवरही ताण देणारे भेटतात. कळ्या गळतात. सकाळी भरपूर पाणी द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात कुंडीला संध्याकाळी पुन्हा थोडं. कुंडी आता फिरवू नका, हलवायची असेल तर कळी धरण्याआधीच हलवा.

एखाद्या फुटव्याला पाच-सहा जोड्या पानं आली तरी कळीचा पत्ता नाही, तर त्याचा शेंडा खुडा. खालून दोन फुटवे येतील आणि त्यांना संधी मिळेल.

किडींपैकी तीन ओळखता आल्या तरी पुरे.

कळीवर बारीक भोक, आत हिरवट अळी, दोन-तीन कळ्या जाळ्याने एकत्र चिकटलेल्या: ही कळी पोखरणारी अळी. कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात टाका. कुंडीत टाकू नका, अळी परत चढते.

कळी बुडाशी फुगून जांभळट होते, उमलत नाही, वाळून गळते: ही कळीमाशी. तिची पिल्लं कळीच्या आत असतात, वरून मारलेलं औषध तिथे पोचत नाही. अशा कळ्या दिसताच तोडा, गळलेल्या रोज वेचा आणि मातीचा वरचा थर आठवड्याला हलवत राहा. लोक जांभळ्या कळ्या बघून "ऊन लागलं" म्हणतात आणि कुंडी सावलीत नेतात. मग फुलंही जातात आणि माशी तशीच राहते.

पानं फिकट, ठिपकेदार, मागच्या बाजूला बारीक जाळं आणि फिरणारे तांबूस ठिपके: लाल कोळी. कडक, कोरड्या उन्हात येतो. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारा, निम्मं काम होतं. तरी राहिला तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी.

निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब, हे फुटवे कोवळे असतानाच दर दहा दिवसांनी मारून ठेवलं तर बरंच काही टळतं.

सावध: निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. भर उन्हात दोन्ही मारायची नाहीत. आणि जी फुलं खाण्या-पिण्यात वापरायची आहेत त्या झाडावर कळी धरल्यापासून काहीही फवारू नका.

## टप्पा ७: तोडणी आणि वापर

कळी कोणती तोडायची? दुपारनंतर झाडाकडे बघा. तिनाच्या झुपक्यात मधली कळी आधी मोठी होते. जिची हिरवट छटा पूर्ण गेली आहे, पोट भरलं आहे, पण पाकळ्यांची टोकं अजून मिटलेली आहेत, ती आज रात्री उमलणार. शेजारची अजून हिरवी आहे, तिला हात लावू नका. तोडलेली कच्ची कळी उमलत नाही, पिवळी पडते. नखाने हिरव्या पुष्पकोशाच्या खाली खुडा, देठासकट. गजऱ्याला तो देठच लागतो.

घरच्या वापराला चार-पाचच्या सुमारास तोडलेलं उत्तम. जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडचे शेतकरी पहाटेच मिटलेल्या कळ्या तोडतात, कारण त्या दादरच्या बाजारात सकाळी मिटलेल्याच पोचायला हव्यात. आपल्याला ती घाई नाही.

तोडलेल्या कळ्यांवर पाणी मारू नका. ओल्या कळ्या तासाभरात तपकिरी डाग धरतात. पिळलेल्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळून ठेवा. गजरा करताना केळीच्या सोपटाचा धागा आधी भिजवून घ्या. दोन कळ्या देठाला देठ लावून, तोंडं विरुद्ध बाजूंना, पुढच्या दोन त्यांच्यावर आडव्या, आणि धाग्याचा फास देठांवर. फास कळीवर बसला की कळी काळी पडते.

पिण्याच्या माठात टाकायची असतील तर रात्री चार-पाच उमललेली फुलं स्वच्छ धुऊन मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडा, सकाळी काढा. दिवसभर ठेवली की पाण्याला कुबट वास येतो.

चहासाठी कळ्या वाळवून डब्यात भरणारे निराश होतात, कारण वाळलेल्या कळीत वास उरत नाही. चीनमध्ये फूझौकडे हाच मोगरा चहासाठी वापरतात, पण पद्धत वेगळी आहे. कळी उमलताना वास सोडते, तेव्हा कोरडी चहापत्ती तो शोषून घेते. घरी असं करा: १०० ग्रॅम सुटी ग्रीन टीची पानं, संध्याकाळच्या दोन मुठी कळ्या, काचेच्या बरणीत थरावर थर, वर फडकं. सकाळी फुलं वेचून टाका. पत्ती फुलांचा ओलावा ओढून घेते, म्हणून ती सावलीत पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. त्याच पत्तीवर पुन्हा दोन-तीन रात्री ताज्या कळ्या. न वाळवता डबा बंद केला तर बुरशी येते.

एक बहर ओसरला की फुललेल्या झुपक्याखालची एक-दोन पेरं कापा. हा कट विसरला की पुढचा बहर तुरळक येतो. सगळे मिळून एकदम कापा, म्हणजे फुटवेही एकदम येतील. पुढच्या कळ्या चार ते सहा आठवड्यांत. असे दोन-तीन बहर पाऊस स्थिरावेपर्यंत सहज मिळतात.

## टप्पा ८: पावसात नवी रोपं

मोगऱ्याच्या बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात. घेऊ नका. आपल्या बागेतला मोगरा सहसा बी धरत नाही, पाकिटात काय निघेल ते निघेल.

जानेवारीत छाटलेल्या काड्या लावायचा मोह होतो, पण थंडीत त्या महिनोन्महिने ढिम्म राहतात. जून-जुलैत लावा. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, धड कोवळी नाही धड जून नाही अशी काडी घ्या. लांबी पाच-सहा इंच, निदान तीन पेरं. खालचा कट पेराच्या लगेच खाली, कारण मुळं पेरापाशी फुटतात. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा. निम्मी रेती, निम्मं कोकोपीट भिजवून पिळून पेल्यात भरा, खत अजिबात नको. काडीने आधी भोक पाडा, मग रोवा आणि दोन पेरं आत जाऊ द्या. वर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला आणि पेला थेट उन्हात नको, उजेडात ठेवा.

दहा दिवसांत पोपटी फुटवा दिसला म्हणून नाचू नका. तो काडीतल्या साठ्यावर येतो, मुळांवर नाही. ओढून बघायची खोड सोडा. चार ते सहा आठवड्यांनी पारदर्शक पेल्याच्या भिंतीला पांढरी मुळं टेकलेली दिसतील, तेव्हाच पिशवी काढा, आणि तीही एकदम नाही, आठवडाभर रोज थोडी थोडी उघडून.

खात्रीचा मार्ग हवा असेल तर दाब कलम. खालची लांब फांदी वाकवून, वितभर शेंडा मोकळा ठेवून, एक पेर शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबा. त्या पेराच्या खालच्या बाजूची साल नखभर खरवडा, वर दगड ठेवा. दोन-अडीच महिन्यांनी मूळ झाडापासून कापा. वेली मोगऱ्याला हे फार सोपं पडतं, बटमोगऱ्याची ताठ फांदी मात्र वाकवताना मोडते, तिथे काडीच बरी.

नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दोन-चार कळ्या येतील. त्या खुडा. पुढच्या थंडीत ताणही देऊ नका, फक्त शेंडे मारा. त्याच्या पुढच्या डिसेंबरात टप्पा दोनपासून सुरुवात.